चाकांवरच्या खोलीला तांब्याचा पत्रा

टिअरड्रॉप ट्रेलर म्हणजे मोटारीमागे ओढायची, दोन माणसे झोपतील एवढी प्लायवूडची खोली. पुढून फुगीर, मागे निमुळती. बाजूने पाहिले तर पाण्याचा थेंब आडवा पडल्यासारखी दिसते, म्हणून हे नाव. मूळ मापे लांबी ८ फूट, रुंदी ४ फूट आणि उंचीही साधारण ४ फूट. यात कलात्मक विचार काही नाही. अमेरिकेत प्लायवूडचा तक्ता ४ बाय ८ फुटांचा मिळतो आणि एका तक्त्यातून एक बाजू कापून निघावी, एवढाच हिशेब. आत फक्त गादी मावते. स्वयंपाकाचा ओटा मागच्या अंगाला, वर उचलायच्या झाकणाखाली असतो. त्यामुळे झोपणारा आत आणि रांधणारा बाहेर थंडीवाऱ्यात, अशी ही वाटणी आहे.

हा प्रकार १९३० च्या दशकात अमेरिकेत रुजला, आणि तो कारखान्यांइतकाच घरोघरच्या गॅरेजांत वाढला. कारागिरीची मासिके त्याचे आराखडे छापत. ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’च्या सप्टेंबर १९४७ च्या अंकातला आराखडा हौशी बांधणारे आजही समोर ठेवतात. सांगाडा लाकडाचा, भिंती प्लायवूडच्या आणि त्यावर पाणी अडवायला धातूचा पत्रा, ही रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पत्रा बहुधा अॅल्युमिनियमचा. त्यालाही इतिहास आहे. हॉली बोलस हा लिंडबर्गचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमान जिथे बांधले त्या कारखान्यात देखरेख करणारा माणूस. त्याने १९३४ मध्ये विमानाच्या धाटणीचा, रिवेट मारलेल्या अॅल्युमिनियमचा ट्रेलर काढला. १९३६ मध्ये वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ त्याच वाटेने आला. दुसरे महायुद्ध संपल्यावर तर अॅल्युमिनियमला मोलच उरले नाही. अॅरिझोनातल्या किंगमनच्या तळावर हजारो लढाऊ विमाने ओळीने उभी करून भट्ट्यांत वितळवली गेली. भंगाराच्या धातूने खोली मढवणे ही आजची पर्यावरणप्रेमी कल्पना वाटते खरी, पण हा ट्रेलर मुळातच उरल्यासुरल्या मालातून उभा राहिलेला आहे.

तांबे या गोष्टीत उशिरा आले आणि हौसेपोटी आले. व्यवहाराने पाहिले तर अॅल्युमिनियम हलके, स्वस्त आणि सहज मिळणारे आहे. तांब्याच्या बाजूने दोनच मुद्दे उरतात. एक म्हणजे ते हाताच्या बळावर वळते, दुमडते, ठोकता येते. त्याला कारखान्याची यंत्रे लागत नाहीत. दुसरा त्याचा रंग. तो कधी स्थिर राहत नाही, आणि ज्यांना ट्रेलर दरवर्षी नव्यासारखा चकचकीत दिसायला हवा असतो त्यांनी तांब्याच्या वाटेला न जाणे बरे.

वजनाची भीती मात्र बहुतेकांना वाटते तेवढी खरी नाही. तांब्याची घनता घनसेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम आणि अॅल्युमिनियमची २.७०, म्हणजे तिपटीहून जास्त. पण पत्रा जाडीने सारखा वापरला जात नाही. अमेरिकेत छपराचे तांबे जाडीने मोजत नाहीत, चौरस फुटाला किती औंस यावर मोजतात. नेहमीचा ‘१६ औंस’ पत्रा म्हणजे चौरस फुटाला एक पौंड आणि जाडी साधारण ०.५५ मिलिमीटर. अॅल्युमिनियम मात्र १ मिलिमीटरच्या आसपास घ्यावे लागते. जुन्या मापाच्या टिअरड्रॉपचे दोन्ही कुशींचे आणि वरच्या कमानीचे मिळून क्षेत्रफळ १०० चौरस फुटांच्या जवळपास भरते. तांब्याने मढवला तर १०० पौंड, म्हणजे ४५ किलो. अॅल्युमिनियमने मढवला तर ५५ ते ६० पौंड. फरक २० किलोंचा, एका मोठ्या सुटकेसइतका. तो ओढणाऱ्या गाडीला जाणवत नाही. फक्त हे वजन अंगाच्या वरच्या भागात येते आणि गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो, तेवढे चाकांमधले अंतर ठरवताना ध्यानात ठेवावे लागते.

खरी अडचण किमतीची. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव टनाला ११,००० डॉलरच्या वर गेला होता, आणि तो कच्च्या धातूचा भाव. लाटलेला नवा पत्रा त्याच्या कितीतरी वर विकला जातो. म्हणूनच घरी ट्रेलर बांधणारा तांब्यासाठी दुकानाऐवजी भंगारवाल्याकडे आधी जातो.

भंगारातले तांबे कमअस्सल नसते. कागद किंवा प्लास्टिक पुन्हा वापरताना त्याचा कस उतरतो, तसे तांब्याचे होत नाही. शुद्ध करून पुन्हा लाटले की ते खाणीतून आलेल्या तांब्यासारखेच असते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा मात्र खनिजापासून तांबे काढण्याच्या तुलनेत फारच कमी. पण ट्रेलर बांधणाऱ्याला वितळवायचेही नसते. त्याला हवा असतो तयार पत्रा. तो मिळतो जुन्या घरांच्या आणि चर्चच्या उतरवलेल्या छपरांतून, पन्हळींतून, धुराड्याभोवतीच्या पट्ट्यांतून. नळाची तांब्याची नळीही चालते. पाऊण इंची पातळ नळी उभी चिरून ठोकून सपाट केली की साधारण ६५ मिलिमीटर रुंदीची, ०.८ मिलिमीटर जाडीची पट्टी निघते. मेहनतीचे काम आहे, पण अशा पट्ट्या खिडकीच्या चौकटीला आणि कडांना शोभतात. भंगारवाल्याकडून तांबे घेताना पावती घेणे शहाणपणाचे. अमेरिकेत तांब्याच्या चोऱ्या इतक्या झाल्या आहेत की बहुतेक राज्यांत भंगार विकणाऱ्याची ओळखपत्रासह नोंद ठेवण्याचे कायदे आहेत.

बाकीच्या जुन्या धातूंची यादी त्याहून मनोरंजक आहे. छापखान्याच्या ऑफसेट प्लेटा जेमतेम ०.२ ते ०.३ मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या असतात आणि छपाई झाली की त्यांचा उपयोग संपतो. ऑफसेटमध्ये प्लेटेवरचा मजकूर आधी रबरावर आणि मग कागदावर उतरतो, म्हणून प्लेटेवर तो सुलटाच असतो. अशा पत्र्याने मढवलेल्या भिंतीवर जुन्या बातम्या वाचता येतात. मोटारींच्या जुन्या नंबर प्लेटा हा अमेरिकेतला आवडता माल. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांचे माप देशभर १२ बाय ६ इंच ठरलेले आहे. म्हणजे एक प्लेट बरोबर अर्धा चौरस फूट, आणि पूर्ण ट्रेलरला एकावर एक न चढवताही २०० प्लेटा. रस्त्यावरच्या पाट्यांचे अॅल्युमिनियम २ मिलिमीटर जाड असते. ते वाकवायला अवघड, पण ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडणारे दगड झेलायला उत्तम. गोठ्यांच्या छपरांचे गंजके पन्हळी पत्रे, जुन्या धुलाई यंत्रांची अंगे, मोटारींची बॉनेटे हेही वापरले जाते. जुना रंगीत पत्रा घासण्यापूर्वी रंगात शिसे आहे का हे तपासावे लागते, आणि जस्त चढवलेला पत्रा तापवला तर त्याच्या धुराने ताप भरतो. जस्ताच्या धुराचा हा ताप वेल्डिंग करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे.

इथपर्यंत सारे सोपे आहे. हे धातू एकाच भिंतीवर शेजारी शेजारी आले की प्रकरण अवघड होते.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि दोघांवर मिळून ओल पसरली की विजेचा छोटा घट तयार होतो. त्यात एक धातू झिजतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. कोण झिजणार हे ठरलेले असते. जस्त आणि अॅल्युमिनियम एका टोकाला, लोखंड मध्ये, पितळ, कासे, तांबे त्याच्या पुढे. खाऱ्या पाण्यात तांबे आणि अॅल्युमिनियम यांच्यातला फरक अर्ध्या व्होल्टच्या आसपास येतो, आणि त्या जोडीत अॅल्युमिनियम मरते. अॅरिझोनाच्या वाळवंटात असा ट्रेलर वर्षानुवर्षे उभा राहिला तरी काही होत नाही, कारण ओल नाही. तोच उत्तरेकडच्या राज्यात हिवाळ्यात फिरवला, जिथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, तर त्याचे सांधे दोन-तीन हिवाळ्यांत पांढऱ्या भुकटीने भरू शकतात.

याहून महत्त्वाचा आणि कमी लक्षात येणारा नियम आकारमानाचा आहे. झिजणारा धातू लहान आणि त्याला टेकलेला न झिजणारा धातू मोठा असला तर झीज भयंकर वेगाने होते. तांब्याच्या मोठ्या पत्र्यात अॅल्युमिनियमचा रिवेट मारला तर सगळ्या पत्र्याचा भार त्या एका रिवेटवर येतो आणि त्याचे डोके लवकरच सैल होते. उलट अॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेस स्टीलचा एक स्क्रू असला तर झीज पसरून जाते आणि फारशी दिसत नाही. चूक नेहमी इथेच होते. पॉप रिवेटची बाजारात मिळणारी स्वस्त पाकिटे अॅल्युमिनियमची असतात आणि हात सवयीने त्यांच्याकडे जातो.

हा धडा ब्रिटिश आरमाराने अडीच शतकांपूर्वी पैसे मोजून घेतला आहे. लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांपासून वाचवण्यासाठी १७६१ मध्ये ‘अलार्म’ या ३२ तोफांच्या युद्धनौकेचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला गेला. वेस्ट इंडीजच्या फेरीनंतर १७६३ मध्ये ती तपासली तेव्हा तांबे ठणठणीत होते, किड्यांचा पत्ता नव्हता, पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे खाऊन गेले होते. त्यात काही खिळे मात्र जवळजवळ शाबूत निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात बांधून आले होते त्याचे तुकडे त्या खिळ्यांखाली राहून गेले होते आणि त्यांनी लोखंड तांब्याला टेकू दिले नव्हते. गॅल्व्हानीच्या बेडकांचे प्रयोग अजून व्हायचे होते; तरीही उपाय त्या कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिल्यासारखा स्पष्ट होता. १७८० च्या दशकात आरमाराने लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट घेतले, तेव्हा कुठे तांब्याचे तळ सुरक्षित झाले.

हीच गोष्ट शंभर वर्षांनी पुन्हा घडली. १८८६ मध्ये न्यूयॉर्क बंदरात उभ्या राहिलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे अंग २.४ मिलिमीटर जाडीच्या ठोकलेल्या तांब्याचे आणि आतला सांगाडा गुस्ताव्ह आयफेलच्या लोखंडाचा. दोघांमध्ये लाखेत भिजवलेला अॅस्बेस्टॉसचा थर होता, म्हणजे बांधणाऱ्यांना धोका माहीत होता. पण थर झिजला, ओल शोषून बसला, आणि लोखंडाच्या पट्ट्या गंजून फुगल्या. फुगलेल्या गंजाने तांब्याच्या पकडी रिवेटांसकट उपटून काढल्या. १९८६ च्या शताब्दीआधी केलेल्या दुरुस्तीत त्या पट्ट्यांच्या जागी स्टेनलेस स्टील आणि मध्ये टेफ्लॉनची पट्टी बसवली. चार फुटी ट्रेलरला एवढा मोठा दाखला कशाला, असे वाटेल. पण त्याच्या बाहेरच्या तांब्याचा आणि खालच्या लोखंडी चौकटीचा प्रश्न अगदी हाच आहे, फक्त तो रोज रस्त्यावर हादरतो.

यातून काही गोष्टी आपोआप ठरतात. तांबे लाकडावर ठोकायचे तर तांब्याचे किंवा कासे-पितळेचे खिळे आणि स्क्रू, स्टेनलेसही चालते. जस्त चढवलेले खिळे मात्र नकोत. तांबे आणि अॅल्युमिनियम एकमेकांजवळ यायचे असले तर मध्ये ब्युटाइल रबराची पट्टी, आणि दोघांना जोडणारा स्क्रू दोघांतून आरपार जाणार नाही अशी रचना, कारण पट्टीने वेगळे केलेले धातू स्क्रूने पुन्हा जोडले जातात. सांधे भरायचे सिलिकॉन विकत घेताना नाक वापरावे. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना आम्ल सोडते आणि तांब्याला हिरवे करते. न्यूट्रल प्रकारचे घ्यावे. अॅल्युमिनियमच्या पाठीमागचे लाकूडही तपासावे लागते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून आर्सेनिकयुक्त औषध वापरायची पद्धत २००३ च्या अखेरीस बंद झाली आणि त्या जागी तांब्याचे प्रमाण जास्त असलेली औषधे आली. असे औषधी लाकूड ओले झाले की त्यातले तांबे शेजारच्या अॅल्युमिनियमला खाते. म्हणजे तांब्याचा पत्रा कुठेही नसला तरी तांबे आतून येते.

पाणी वाहण्याची दिशा हा आणखी एक मुद्दा, आणि बहुतेक हौशी कामांत तो राहून जातो. तांब्यावरून ओघळणारे पाणी तांब्याचे सूक्ष्म अंश घेऊन उतरते. ते खालच्या अॅल्युमिनियमवर किंवा जस्ताच्या पत्र्यावर पडले की धातू एकमेकांना टेकलेले नसतानाही खड्डे पडतात. उलट अॅल्युमिनियमवरून तांब्यावर आलेले पाणी निरुपद्रवी असते. म्हणून मिश्र ट्रेलरमध्ये अॅल्युमिनियम वर आणि तांबे खाली. छपराला तांबे आणि कुशीला नंबर प्लेटा हे दिसायला कितीही झकास असले तरी चुकीचे आहे. तांब्याचा खालचा पट्टा आणि वर चंदेरी छप्पर हे बरोबर.

आता पत्रा बसवण्याकडे. ऊन आणि थंडी यांत तापमान ५० अंशांनी बदलले तर ८ फूट लांबीचा तांब्याचा पत्रा साधारण २ मिलिमीटर लांबतो, अॅल्युमिनियमचा जवळजवळ ३ मिलिमीटर. प्लायवूड त्या मानाने जागचे हलत नाही. पत्रा सर्वत्र चिकटवला किंवा चारी बाजूंनी स्क्रूने जखडला तर वाढलेल्या लांबीला जायला जागा नसते आणि तो मध्येच फुगतो. डब्याचे बूड दाबल्यावर टकटक वाजते तशी ती भिंत वाजू लागते. अॅल्युमिनियमचे अनुभवी बांधणारे म्हणून अखंड पत्रा चिकटवतच नाहीत. तो कडेच्या पट्टीखाली धरून मधला भाग मोकळा सोडतात. तांब्याला हे जमत नाही. ते मऊ, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा मोठा मोकळा भाग वाऱ्याने फडफडतो. फडफडून तांबे एकाच जागी वाकत राहिले की तिथे कडक होत जाते आणि शेवटी चीर पडते.

याला छपरावर काम करणाऱ्यांनी फार पूर्वीच उत्तर शोधले आहे. तांबे लहान तुकड्यांत बसवायचे. प्रत्येक तुकडा साधारण १८ बाय २४ इंचांचा किंवा त्याहून लहान. त्याच्या दोन कडा पुढे आणि दोन मागे, पाऊण इंच दुमडायच्या आणि शेजारच्या तुकड्याच्या घडीत अडकवायच्या. पत्र्यातून एकही खिळा जात नाही. घडीत अडकवलेली तांब्याची छोटी पट्टी खाली लाकडाला खिळलेली असते आणि तीच तुकड्याला धरते. प्रत्येक तुकडा आपापल्या घडीत केसभर सरकू शकतो, म्हणून प्रसरणाचा ताण कुठेच साठत नाही. भंगारातून मोठा पत्रा मिळत नाही ही तक्रार इथे उलटी होते. जुन्या पन्हळीतून निघालेले वेडेवाकडे तुकडे या रचनेला नव्या मोठ्या पत्र्यापेक्षा अधिक योग्य आहेत, कारण मोठा पत्रा आणला तरी तो कापावाच लागला असता. इमारतीवर अशा घड्यांत डाख भरून त्या पक्क्या करतात. ट्रेलरवर तो मोह टाळणे चांगले. डाख हादऱ्यांनी तडकतो, आणि ओतताना खालच्या प्लायवूडला आग लागण्याची भीती असते. घडीत ब्युटाइलची बारीक रेघ पुरते. लाकूड आणि तांबे यांच्यामध्ये डांबरी फेल्ट आणि त्यावर गुळगुळीत कागद, म्हणजे पत्रा फेल्टला न चिकटता सरकतो.

तुकडे कुठून लावायला सुरुवात करायची हे पाणी आणि वारा मिळून ठरवतात. पाण्याचे म्हणणे कौलारू छपरासारखे, वरचा तुकडा खालच्यावर चढला पाहिजे. वाऱ्याचे म्हणणे असे की पुढचा तुकडा मागच्यावर चढला पाहिजे, नाहीतर ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला वारा कडेत शिरून पत्रा उचलतो. कुशींवर आणि मागच्या उतारावर दोघांचे पटते. मागच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून वर आणि पुढे सरकत जायचे. पण ट्रेलरच्या नाकावर दोघे भांडतात. तिथे पाणी खाली म्हणजेच पुढे वाहते, म्हणून वरचा तुकडा खालच्यावर हवा, आणि त्याची उघडी कड नेमकी समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडात येते. तिथे तुकड्यांची हौस बाजूला ठेवून एकच अखंड पत्रा वरपर्यंत नेणे हाच मार्ग. दगडही तिथेच लागतात, म्हणून त्याच्या खालच्या भागावर वेगळा संरक्षक पत्रा लावतात. तो अॅल्युमिनियमचा असला तर तांब्यापासून बोटभर दूर, स्वतंत्र चौकटीवर, आणि वरच्या तांब्याचे पाणी त्यावर ओघळणार नाही अशा बेताने.

तांब्याचे मऊपण हातोडीने बदलता येते. पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत बंब-घागरींवर दिसणारे मठारकाम, म्हणजे ओळीने पाडलेले हातोडीचे गोल ठसे, हे नक्षीपुरते नाही. प्रत्येक ठोक्याने तांब्याची रचना दाबली जाते, पत्रा ताठ होतो आणि पातळ पत्र्यालाही भांड्याची मजबुती येते. ट्रेलरच्या नाकावरचा पत्रा असा मठारला तर तो फडफडत नाही, आणि नंतर पडणारे दगडांचे पोचेही त्या नक्षीत हरवून जातात. ठोकून फार कडक झालेले तांबे पुन्हा नरम करायचे तर मंद लाल होईपर्यंत तापवायचे. पोलादाला तापवून पाण्यात बुडवले की ते कडक होते. तांब्याला बुडवले तरी ते नरमच राहते, पाण्याने फक्त वरची काळी पापुद्री सुटते. जुन्या छपराचे तांबे वर्षानुवर्षांच्या हालचालीने कडक झालेले असते. ते थेट दुमडले तर घडीवर तडकते, म्हणून कडा आधी तापवून घेणे आवश्यक.

रंगाचा भाग सर्वांना माहीत असतो, पण बहुतेकांच्या मनात तो चुकीचा असतो. नवे तांबे आधी हिरवे होत नाही. काही आठवड्यांत त्यावर बोटांचे ठसे उमटतात, काही महिन्यांत ते तपकिरी आणि पुढे चॉकलेटी होते. हिरवा थर मुख्यतः तांब्याच्या सल्फेटचा, मोरचुदाच्या नात्यातला, आणि समुद्रकाठी क्लोराइडचा. तो यायला हवेत गंधक किंवा मीठ आणि पत्र्यावर ओल टिकायला हवी. दमट औद्योगिक शहरात दहा-बारा वर्षे, कोरड्या खेड्यात पंचवीस-तीस. उभ्या भिंतीवर पाणी थांबत नाही, तिथे आणखी उशीर. गॅरेजमध्ये ठेवला जाणारा ट्रेलर मालकाच्या हयातीत तपकिरीच राहण्याची शक्यता जास्त. हा थर लोखंडाच्या गंजासारखा सुटत नाही. तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूला जपतो.

ज्यांना धीर नाही ते रंग करवून घेतात. व्हिनेगर, मीठ आणि नवसागर यांच्या मिश्रणाने किंवा बंद खोक्यातल्या अमोनियाच्या वाफेने एका रात्रीत हिरवे-निळे डाग उठतात. कल्हईवाला भांडे स्वच्छ करायला वापरतो तोच हा नवसागर. हा घाईचा थर नैसर्गिक थरापेक्षा कच्चा असतो आणि रस्त्यावरच्या पहिल्या पावसात त्यातला बराच धुऊन जातो. अमोनियाबद्दल एक सावधगिरी पितळेच्या पट्ट्या लावणाऱ्यांसाठी. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे हिंदुस्थानात पावसाळ्यात साठवणीत पडल्या पडल्या चिरत. कारण पुढे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. ताण असलेल्या पितळेला दमट हवेत अमोनियाचा वास लागला की ते आतून चिरते, आणि काडतुसे घोड्यांच्या तबेल्याजवळ ठेवलेली असत. वाकवून बसवलेल्या पितळी कडेला म्हणूनच अमोनियाचा धूर देऊ नये.

उलट बाजूला तांबे लालच ठेवण्याची खटपट असते. त्यासाठी बेन्झोट्रायाझोल मिसळलेली अॅक्रिलिक लाखी वापरतात. कांस्य पुतळ्यांवरही तीच असते. इमारतीवर ती काही वर्षे टिकते, ट्रेलरवर कमी. एका खड्याने ओरखडा काढला की तिथून ओल लाखीच्या खाली शिरते आणि काळी जाळी पसरते. ती काढायला सगळी लाखी खरवडावी लागते. त्यापेक्षा मेण बरे, दर काही महिन्यांनी पुन्हा लावता येते. तिसरा मार्ग म्हणजे तांब्याचा रंगच झाकायचा. अमेरिकेत जस्त-कथलाचा मुलामा दिलेला करडा तांब्याचा पत्रा छपरांसाठी मिळतो. मुख्य हेतू असा की पावसाच्या पाण्याने खालच्या भिंतींवर हिरवे ओघळ येऊ नयेत. पातेल्यात अन्न कळकू नये म्हणून केलेली कल्हई आणि हा मुलामा यांचे तत्त्व एकच, तांबे आणि त्याच्या शेजाऱ्यामध्ये दुसरा धातू घालणे.

आतल्या बाजूचे थोडक्यात. तांबे उष्णता फार वेगाने वाहून नेते. रात्री पत्रा थंड पडला की आतल्या दोन माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्या पाठीवर दवासारखी जमते आणि प्लायवूड कुजवते. म्हणून भिंतींत फोमचा थर आणि छपराला हवा खेळती ठेवणारी झडप हवी. दिव्यांची वीज तांब्याच्या पत्र्यातून परत नेण्याची शक्कल काही जण लढवतात. ती टाळावी, स्वतंत्र तार घालावी. घरी बांधलेल्या ट्रेलरची अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वाहन खात्याकडून तपासणी करून त्याला क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो क्रमांक पत्र्यावर नव्हे तर चौकटीवर ठोकतात. पत्रा बदलता येतो.

देखभाल फारशी नाही. वर्षातून एकदा सांध्यांवर बोट फिरवायचे. अॅल्युमिनियमच्या कडेला पांढरी भुकटी लागली तर पट्टी काढून मधले रबर बदलायचे. हिवाळी रस्त्यावरून आल्यावर साध्या पाण्याने मीठ धुऊन टाकायचे; उच्च दाबाचा फवारा घडीत मारायचा नाही. चिंच-मिठाने घासायचा मोह आवरावा, कारण आम्ल घडीत अडकून राहते. सर्वांत आधी खराब होतो तो नाकावरचा पत्रा, आणि कुशीवरचे एखाद-दोन तुकडे पार्किंगमध्ये घासून. घड्यांत अडकवलेला तुकडा शेजारच्यांच्या कडा उलगडून एकटा काढता येतो. त्या जागी नवे तांबे लावले तर ते तपकिरी भिंतीत ठिगळासारखे चमकत राहते, आणि बाकीच्यांत मिसळायला वर्ष तरी जाते. त्यासाठी मूळ कामातले उरलेले तुकडे फडताळात न ठेवता गॅरेजच्या मागे ऊनपावसात टाकून ठेवतात. तेही ट्रेलरबरोबरच काळवंडत जातात.